दोन दाब ग्रीस

आमच्याकडे लॉन्स म्हणतात ते लग्नाच्या जागेला. ओतूरवरून माळशेजकडे निघालं की डिंगोऱ्याच्या आसपास रस्त्याला अशा जागा लागतात. मोठी कमान, आत स्टेज, स्टेजपुढे गवत. बऱ्याच ठिकाणी ते गवत नावालाच असतं. लग्नाच्या दिवशी वर मॅट अंथरली की खाली ढेकळं आहेत की हिरवळ, हे बघायला कोण वाकतो? पण मी ज्या लॉन्सवर कामाला जातो, तिथल्या मालकाने खरंखुरं गवत वाढवलं आणि ते कापायला वर बसून चालवायचं मशीन आणलं. त्या मशीनला मी ग्रीस भरलं, त्याची ही हकीकत. हकीकत लहान आहे, पण माझ्या मानगुटीवर बसली ती अजून पुरती उतरलेली नाही.

मी मिस्त्री. पस्तीस वर्षं ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि मळणीची मशीनं दुरुस्त केली. नावाने मला कुणी हाक मारत नाही, घरातसुद्धा मिस्त्रीच म्हणतात. ओतूरचं गॅरेज आता मुलगा चालवतो. मी रोज जाऊन त्याच्या कामात खोट काढायचो, म्हणून त्याने एक दिवस गोड बोलून मला लॉन्सच्या कामाला लावून दिलं. तिथे जनरेटर आहे, पाण्याच्या मोटारी आहेत, एक टेम्पो आहे. खोट काढायला भरपूर वाव. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते, स्वतःची नाकावर आली तरी दिसत नाही, असं माझी बायको म्हणते. ती हे पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आमच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता.

मशीन आलं तेव्हा मी तिथेच होतो. टेम्पोतून उतरवलं आणि सगळे हसले. ट्रॅक्टरचं पिल्लूच ते. चार बुटकी चाकं, वर गुबगुबीत सीट, आणि पोटाखाली परात उपडी घालावी तसं पत्र्याचं झाकण. त्या झाकणाच्या आत दोन पाती गरगर फिरतात आणि गवत कापतात. मशीनबरोबर कंपनीचा माणूस आला होता. त्याने विचारलं, "चालवणार कोण?" लॉन्सच्या ड्रायव्हरने वायरमनकडे बघितलं, वायरमनने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं. गावातली माणसं रस्त्यावरून जाता-येता बघणार, आणि आपण त्या खेळण्यावर गुडघे वर करून बसणार! कुणाचीच तयारी होईना.

गवतात खुरपत बसलेली एक बाई उठली. डिंगोऱ्याचीच, चाळिशीतली, सहा वर्षं लॉन्सवर खुरपणीला येणारी. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घातला होता, त्याला हात पुसत ती पुढे आली.

"मी बसते," ती म्हणाली.

कंपनीच्या माणसाने तिला अर्धा दिवस शिकवलं. चढाला कसं जायचं, वळताना पाती कधी उचलायची, पाती फिरत असताना खाली उतरायचं नाही. तिने सगळं दोन-दोनदा विचारून घेतलं. शेवटी त्याने ग्रीसचं सांगितलं. मशीनबरोबर इंग्रजी पुस्तक होतं, ते मालकाने ऑफिसात देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं, त्यामुळे आता त्याला उदबत्तीचा वास येतो. ही बाई सातवी शिकलेली. तिने विटेचा तुकडा घेतला आणि शेडच्या भिंतीवर लिहिलं: पात्याच्या दांड्याला महिन्याला दोन दाब. जास्त नको. ग्रीस लिथियम, दोन नंबर.

दोन नंबर म्हणजे ग्रीसचा घट्टपणा. दाब म्हणजे ग्रीस गनचा दांडा एकदा दाबणं. प्रत्येक पात्याच्या वर एक उभा दांडा असतो, त्यात बेअरिंग असतं, आणि त्या बेअरिंगपर्यंत ग्रीस पोचवायला एक बारीक तोंड असतं, त्याला आम्ही निपल म्हणतो. निपलला गन लावायची आणि दाबायची. एवढंच काम आहे. सोपं कामच माणूस बेफिकिरीने करतो.

त्या मशीनवर ती बसायला लागली आणि वर्षभरात लॉन्सचं रूप पालटलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती सरळ पट्टे मारायची, एक फिकट, एक गडद. वऱ्हाडी मंडळी गवतावर चप्पल घालायला बिचकायची. एकदा तिची सासू डिंगोऱ्याहून मुद्दाम चालत आली, स्टेजच्या पायरीवर बसली, आणि सगळं गवत कापून होईपर्यंत हलली नाही. जाताना फक्त एवढंच म्हणाली, "डोक्यावर कायतरी घेत जा गं, ऊन लागंल." मी सुनेला एकदा विचारलं होतं, बाकी कुणी बसायला तयार नव्हतं, तूच कशी उठलीस? तेव्हा ती म्हणाली, "मिस्त्री, सहा वर्सं नुसती भुई बघितली. हितं बसलं की डोंगर दिसत्यात."

ती हे हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो. त्याचा अर्थ मला पुढे कळला.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मालक म्हणाले, "मिस्त्री, मशीनची एकदा सर्व्हिस करून घ्या. पावसात गवत आवरत न्हाई." मी ग्रीस आणायला जुन्नरला गेलो. पेठेतल्या बोळात एक जुनं दुकान आहे, तिथे तेल-ग्रीस मिळतं. ग्रीस बघायची माझी एक रीत आहे. अंगठा आणि बोटात चिमूटभर घ्यायचं, रगडायचं, मग बोटं हळूच फाकवायची. तार आली तर ग्रीस चांगलं. मग वास. मग तळव्यावर थेंबभर पाणी टाकून घासायचं; ग्रीस पाण्याला जागा देत नसेल तर तेच घ्यायचं. दुकानदार माझ्याकडे बघत होता. त्याने लाल झाकणाचा डबा पुढे केला.

"कशाला पाहिजे?"

"लॉन्सवरच्या गवताच्या मशीनला."

"मग हे न्या. लिथियमचं हाय, दोन नंबर. तापलं तरी पातळ व्हत न्हाई."

"शेठ, मला ग्रीस शिकवताय होय?" मी म्हटलं, आणि पिंपातलं पिवळं ग्रीस घेतलं. पिवळ्याची तार झकास येत होती. त्याच ग्रीसवर मी हयातभर उसाच्या ट्रॉल्या चालवल्या होत्या. चिखलातून, पाटाच्या पाण्यातून गेलेल्या ट्रॉल्या. एकीचंही चाक कधी कुरकुरलं नाही.

यात चूक काय झाली ते आता सांगता येतं. ट्रॉलीचं चाक सावकाश फिरतं, तिथे पाण्याला दाद न देणारं ते पिवळं ग्रीस सोन्यासारखं. गवताचं पातं मात्र इतकं वेगात फिरतं की दांडा तापतो, आणि तापलं की ते पिवळं वितळून खाली वाहतं. वर आणखी एक. मशीनच्या पोटात आधीच लिथियमचं होतं. दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधी कधी त्यांचं जमत नाही. नासलेल्या दुधासारखं पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो. बोटाने तार ओढून यातलं काहीच कळत नाही. रंगावरूनही कळत नाही, कारण रंग कंपनी पाहिजे तो घालते. डब्यावर काय लिहिलंय ते वाचावं लागतं. मला वाचता येतं, पण ग्रीसचा डबा वाचायचा असतो हे माझ्या मनात कधी आलंच नाही.

शेडमध्ये मी मशीनखाली लाकडी ठोकळे दिले आणि गन भरायला घेतली. ती शेजारी उभी होती. तिने बोटाला लावून ग्रीस बघितलं.

"मिस्त्री, ह्ये निराळं हाय. त्यो मानूस दुसरं म्हणाला व्हता."

"ग्रीस म्हंजे ग्रीस, ताई."

"आन् दोनच दाब म्हणाला व्हता." तिने भिंतीकडे बोट केलं.

मी हसलो. साधं हसलो असतो तर गोष्ट निराळी. वायरमन आणि ड्रायव्हर तिथेच चहा पीत बसले होते, त्यांना ऐकू जाईल असं हसलो. म्हणालो, "ताई, तू शाळेत जायच्या आधीपासनं मी ग्रीस भरतोय. दोन दाबांनी काय व्हतंय? दोन दाब म्हंजे नैवेद्य दाखवल्यागत झालं." ते दोघे फिदीफिदी हसले.

माझ्या वडिलांच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबकळायचं. एरंडेलात काजळी कालवून केलेलं काळंकुट्ट वंगण. लांबच्या वाटेला निघाले की ते आस चांगला माखून घ्यायचे. म्हणायचे, वंगणाला हात आखडू नये. कमी वंगणाने गाड्या मोडल्यात, जास्त वंगणाने मोडलेली गाडी मी बघितली नाही. पुढे गॅरेजमध्येही तोच नियम मला लागू पडला. नवीन ग्रीस आत गेलं की जुनं काळं बाहेर येतं. काळं संपून नवीन दिसायला लागलं की थांबायचं. ट्रॉलीला हे बरोबरच आहे. ग्रीस बाहेर आलेलं बघितल्याशिवाय माझा हात थांबत नाही, ती सवय हाडात गेली आहे.

त्या पात्याच्या दांड्याला मी दाबत राहिलो. दहा, वीस, तीस. बाहेर काही येईना. मला वाटलं, भलतंच कोरडं होतं बिचारं. चाळीसच्या पुढे मी मोजलं नाही. खरं तर ग्रीस बाहेर येत होतं, पण खालच्या बाजूने, परातीच्या आत, जिथे माझी नजर पोचत नव्हती. येताना त्याने बेअरिंगखालचं रबरी सील ढकलून दिलं होतं. सील म्हणजे बेअरिंगचं दार. ते निखळलं की आतलं ग्रीस बाहेर, आणि बाहेरची माती आत.

आषाढात गवत दुसऱ्या दिवशी कापलं नाही तर घोट्याला लागतं. ती रोज मशीन घेऊन फिरत होती. आठ-पंधरा दिवसांनी म्हणाली, "मिस्त्री, डाव्या अंगाला बारीक आवाज येतोय." मी म्हणालो, ओलं गवत अडकलं असेल. पुढच्या आठवड्यात एका मास्तरांच्या सेवापूर्तीचा कार्यक्रम होता. आदल्या दिवशी ती पट्टे मारत असताना मशीन किंचाळलं. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. मग जळक्या रबराचा वास आला, पाती फिरवणारा पट्टा तुटला आणि मशीन जागीच बसलं. स्टेजसमोर बरोबर मधोमध.

मालक तणतणत आले. कार्यक्रम उद्यावर, अर्धं गवत कापलेलं, अर्धं वाढलेलं. तिथे सगळी कामकरी मंडळी जमली होती, आठ माणसं. मालक तिला म्हणाले, "दगड घेतला आसंल पात्याखाली. ध्यान कुटं असतं तुजं?"

"दगड न्हाई मालक. लई दिवस आवाज येत व्हता."

"मिस्त्री," मालक माझ्याकडे वळले, "दगडच ना?"

तेव्हा मी मशीन उघडलेलं नव्हतं, हे खरं. पण आवाज ऐकला होता, आणि दगडाचा आवाज कसा असतो आणि कोरड्या बेअरिंगचा कसा, हे मला झोपेतही सांगता येतं. मी म्हणालो, "आसंल."

एवढाच शब्द. मालकांनी तिथल्या तिथे सांगितलं, दुरुस्त झालं की मशीन ड्रायव्हर चालवील. तिने सीटवरची चुंबळ उचलली. जुन्या साडीची केलेली होती, बसायला मऊ पडावं म्हणून. ती घेऊन ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच शेडमध्ये होतो. दांडा खोलला. खालचं सील उलटं होऊन लोंबत होतं. बेअरिंगमध्ये माती आणि गवताचा भुगा, आणि परातीच्या आतून माझं पिवळं ग्रीस, वितळून पुन्हा थिजलेलं, ठिकठिकाणी चिकटलेलं. दगडाचा एक ओरखडा कुठे नव्हता. मला तिची कीव आली असं म्हणालो तर ते खोटं होईल. पहिला विचार आला तो गॅरेजचा. मिस्त्रीने मशीन खाल्लं, ही बातमी ओतूरपर्यंत जायला एक दिवस पुरला असता, आणि मुलगा तोंडावर काही बोलला नसता, नुसता हसला असता. मी बादलीभर डिझेल घेतलं आणि मशीन आतून-बाहेरून लख्ख धुऊन काढलं.

बेअरिंग मंचरला मिळालं. तिकडून येताना मी पेठेतल्या त्याच दुकानात वाकडी वाट करून गेलो. दुकानदाराने काही न विचारता लाल झाकणाचा डबा समोर ठेवला. नवीन बेअरिंग बसवलं, नवीन सील बसवलं, आणि भिंतीवरचं बघून दोन दाब दिले. भिंतीवर तिचं अक्षर तसंच होतं. तिचा नियम मी पाळला आणि तिच्याबद्दल मात्र तोंड उघडलं नाही. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात. मी शिरजोर नव्हतो, पण पहिल्या अर्ध्यात बसत होतो.

ड्रायव्हर मशीन चालवू लागला. त्याचे पट्टे वाकडे जायचे. कडेचं, झाडाखालचं, कुंपणालगतचं गवत कापायला खांद्याला अडकवायचं दांड्याचं मशीन असतं. मालकांनी ते तिला दिलं. वजनाला ते फार नाही, पण दिवसभर एकाच खांद्यावर पट्टा, हातात थरथर आणि नजर परत भुईवर. पंधरा दिवसांनी मला दिसलं की तिने सीटवरची ती चुंबळ उसवून तिची घडी पट्ट्याखाली घातली होती. आणखी काही दिवसांनी तिच्या शर्टाच्या खांद्यावर पिवळा डाग दिसला. हळद होती. खांदा सोलला होता.

"डाक्टरला दाखीव," मी म्हणालो.

"व्हतंय बरं," ती म्हणाली, आणि मशीन अडकवून कुंपणाकडे गेली.

सांगायचं म्हणून दोनदा मालकांच्या ऑफिसपर्यंत गेलो. एकदा आत पाहुणे होते म्हणून परतलो. दुसऱ्यांदा कुणीच नव्हतं, तरी परतलो. माणूस स्वतःला किती तऱ्हांनी समजावतो! तिचा पगार तर कमी झाला नाही, कामावरून तर काढलं नाही, पाऊस संपला की मालकांचा रागही ओसरेल. असं सगळं मी स्वतःला सांगत होतो आणि तिच्या खांद्याकडे बघायचं टाळत होतो.

आमच्याकडे पोळा भाद्रपदात असतो, अमावस्येला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर बैलाच्या खांद्यावर जू असतं, त्या खांद्याला त्या संध्याकाळी गरम पाण्याने शेकायचं आणि तूप-हळद चोळायची. मालकांची बैलजोडी आहे. त्यातला एक बेल्ह्याच्या बाजारातून आणलेला, त्यांचा फार लाडका. दर वर्षी मिरवणुकीच्या गाडीची चाकं बघायला ते मला आदल्या दिवशी बोलावतात. मी गोठ्याशी गेलो तेव्हा मालक स्वतः बाह्या मागे सारून बैलाचा खांदा मळत होते. त्यांचा गडी पातेलं धरून उभा होता.

चोळता चोळता मालकांचा हात थांबला. बोटांनी चाचपून त्यांनी गड्याकडे बघितलं.

"गाठ आलीय हितं. जू कसं घालतो रं तू?"

"मालक, ह्यो बैलच लई वढतो एका अंगाला."

"बैलाला कशाला बोलतो? खांदा आला तर जू घालणाऱ्याला इचारायचं. बैल काय सांगणारे आपल्याला?" आणि परत हळद घेऊन ते हलक्या हाताने चोळायला लागले.

पातेल्यातली हळद आणि ताईच्या शर्टावरची हळद एकच होती. मी चाकाजवळ बसलो होतो, तिथून उठलो. मी म्हणालो, "मालक, मशीन ताईनं न्हाई बिघडवलं. मी बिघडवलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. पिवळं ग्रीस, चाळीसच्या पुढचे दाब, निखळलेलं सील, डिझेल. गडी पातेलं धरून ऐकत होता, आता गावभर होणार हे मला दिसत होतं, पण एकदा सुटलेलं तोंड मिटता येईना. सांगून झालं तरी मालक खांदा चोळतच होते.

"मी इचारलं व्हतं तुमाला," शेवटी ते म्हणाले.

"व्हय."

"आठ जणांदेखत मी तिला बोललो, मिस्त्री."

"आठ जणांदेखत मी सांगतो."

मालकांनी हात धुतले. मला वाटलं होतं, चार शब्द सुनावतील, आणि सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "गाडीची चाकं बघा आन् च्या घेऊन जावा." मी चाकं बघितली आणि चहा न घेताच निघालो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामाला आले तेव्हा मी शेडपुढे उभा राहून सांगितलं. पस्तीस वर्षांत मी कुणापुढे असं बोललो नव्हतो. वायरमन जमिनीकडे बघत होता. ड्रायव्हरने खिशातून मशीनची किल्ली काढून, कुणी न सांगता, तिच्यापुढे धरली. मला वाटतं तोही सुटला. वाकड्या पट्ट्यांवरून त्याला लग्नाच्या मंडळींची बोलणी खावी लागायची. तिने किल्ली घेतली. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. ती शेडमध्ये गेली. थोड्या वेळाने लाल झाकणाचा डबा आणि ग्रीस गन घेऊन मी मागून गेलो.

ती मशीनजवळ उकिडवी बसून दांड्यावरचं गवत बोटाने काढत होती.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणालो.

"मला ठावं व्हतं."

"कवापास्नं?"

"तुमी मशीन धुतलंत तवापास्नं. सात वर्सं झाली, तुमचं काम बघती. मोटर खोला न्हाईतर जनरेटर, काम झालं की हात पुसून तसंच टाकून जाता. त्याच दिवशी तेवडं डिझेल घालून धुतलंत." ती वर बघत नव्हती.

एवढे दिवस मी ज्याला पांघरूण समजत होतो, तिच्यासाठी तीच खूण होती. कुंपणाजवळून पट्टा सावरत ती रोज माझ्यासमोरून गेली होती, आणि रोज तिला माहीत होतं.

"मग बोलली का न्हाईस? मालकांना सांगायचं. मला तरी."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"बोलले व्हते की, मिस्त्री. मशीन बिघडायच्या आदीच बोलले व्हते. तवा तुमी हसला."

मग तिने हात पुढे केला. कशासाठी ते मला एक क्षण कळलं नाही. माझ्या हातात ग्रीस गन होती, ती मी तिला दिली. तिने डब्यावरचं लेबल एकदा वाचलं, ओठ हलवत, आणि मला म्हणाली, "पुसा." मी कापड घेतलं, वाकलो, निपलवरची माती पुसली. तिने गन लावली.

"एक," ती म्हणाली. मग म्हणाली, "दोन."

आणि गन खाली ठेवली.